पन्नास लिटर आणि एक भोक

चोपड्यात नदीच्या काठावर माणसाने रडत बसावं, नाहीतर दुपारी पिऊन आडवं व्हावं, चौकशीला कोणी फिरकत नाही. पण हातात पान्हा घेऊन उभा राहिला की संपलं. शिवोलीच्या पुलावरून उतरणारा स्कूटरवाला स्कूटर कडेला लावतो, पागेर टाकायला निघालेला जाळं खांद्यावर तसंच ठेवून थांबतो, आणि आगरवाड्याहून बाजाराला चाललेली माणसं बाजार विसरतात. "काय बिघडलं?" हा पहिला प्रश्न. बिघडलेलं काही नाही, नवीन बसवतोय असं सांगितलं तर त्यांना दुप्पट आनंद होतो. बिघडलेलं दुरुस्त करायला थोडंफार ज्ञान लागतं. नवीन बसवायला मत असलं की पुरे.

मी बसवत होतो ती पेट्रोलची टाकी. होडी 12 फुटी, अॅल्युमिनियमची. मोरजीत पाहुण्यांना खोल्या देणाऱ्या एका गृहस्थाने ती पर्यटकांना फिरवायला आणली होती. पर्यटक काही तिच्यात बसेनात, म्हणून त्याने ती मशीनसकट मला विकली. आमच्या नदीत लाकडाच्या होड्या जाऊन फायबरच्या आल्या त्याला बरीच वर्षं झाली. अॅल्युमिनियमची मात्र लोकांनी पाहिली नव्हती. त्यामुळे येणारा-जाणारा आधी बोटाच्या पेराने ती वाजवून बघायचा. माठ घेताना बायका वाजवतात तशी. टण् आवाज आला की मान हलवायची आणि पुढे जायचं. बायको पहिल्याच दिवशी म्हणाली, "एवढा मोठा टोप आणलात, आता घासायला कोण येणार?"

मशीन दहा हॉर्सपॉवरचं, टू-स्ट्रोक. त्याच्याबरोबर एक लाल प्लास्टिकचा कॅन होता, 25 लिटरचा. कॅनमधून रबरी नळी निघे, नळीत मध्येच लिंबाएवढा रबरी फुगा. तो चार वेळा दाबला की पेट्रोल मशीनकडे चढायचं, दोरी ओढली की मशीन सुरू. व्यवस्थित चालायचं. कॅनचे दोष दोनच. एक, वळताना तो सरकून घोट्यावर आपटायचा. दुसरा, मशीन मागे, कॅन मागे आणि मीही मागे, त्यामुळे होडीची नाळ आकाशाकडे व्हायची आणि समोरून काय येतंय ते दिसायचं नाही. याहून मोठे दोष असलेली माणसं आम्ही घरात वर्षानुवर्षं सांभाळलेली आहेत. पण वस्तूंच्या बाबतीत आपली सहनशक्ती कमी असते.

त्यात भाचा सुट्टीत आला. त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. कोणी एक अमेरिकन, त्याचं आमच्या समाजमंदिराएवढं गॅरेज, आणि अकरा मिनिटांत पुढच्या बाकाखाली कायमची टाकी बसवून तो हात पुसत हसतो. "मामा, वजन पुढे गेलं की नाळ खाली येते. आणि पायात काही नाही." मी व्हिडिओ पुन्हा पाहिला. त्या अख्ख्या गॅरेजमध्ये त्याच्याजवळ एकही माणूस उभा नव्हता. त्याची अकरा मिनिटं कुठून आली ते भाच्याच्या लक्षात आलं नाही.

आमच्याकडे मास्तर होते. मास्तर विज्ञान शिकवून निवृत्त झाले असले तरी शिकवण्यातून निवृत्त झालेले नाहीत. होडीजवळ आले की ते आधी इतिहास सांगतात. होडीमागे लावायचं मशीन लोकप्रिय केलं ते ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या अमेरिकन माणसाने, 1909 च्या सुमाराला. त्याची आख्यायिका अशी की, विस्कॉन्सिनमधल्या एका तळ्यावर सहलीला गेलेला असताना भावी बायकोला आइस्क्रीम हवं झालं. हा वल्ही मारत पलीकडच्या काठाला गेला, आइस्क्रीम घेतलं, आणि वल्ही मारत परत येईतो ते वितळलं. तेव्हा त्याने ठरवलं की होडीला इंजिन हवं.

"बायकोला आइस्क्रीम हवं होतं म्हणून," मी बायकोला ऐकू जाईल असं म्हटलं.

"मी मागितलं तर पुलावरून स्कूटरने आणा," ती म्हणाली. "शिवोलीला जायला दोन मिनिटं लागतात."

पुलाचा विषय निघाला की म्हातारा तांडेल गप्प होतो. पूल नव्हता तेव्हा इथून शिवोलीला फेरीबोट होती आणि नदीकाठच्या माणसाला मान होता. आता लोक नदीवरून जातात, नदीतून जात नाहीत. दिसेल ते पाणी ओलांडायला पूल असताना मी होडी का घेतली, हा प्रश्न त्याने मला कधीच विचारला नाही. म्हणून त्याचं मी सगळं ऐकून घेतो.

तर माप घ्यायचं ठरलं. पुढच्या बाकाखाली बंद खण होता. उघडून पाहिलं तर आत पांढरा फोम गच्च भरलेला. तो आम्ही उपसून काढला. वारा होता, निम्मा फोम काठावरच्या खारफुटीत जाऊन बसला आणि लांबून बगळ्यांचा थवा उतरल्यासारखं दिसायला लागलं.

"हा कापूस कशाला होता?" तांडेलाने विचारलं.

"होडीत पाणी भरलं तरी ती बुडू नये म्हणून," भाच्याने मोबाइलमध्ये बघून वाचून दाखवलं.

थोडा वेळ कोणी बोललं नाही. बुडू नये म्हणून ठेवलेली वस्तू काढून तिथे पेट्रोल ठेवायचं होतं. मग मास्तर मदतीला आले. मोकळी जागा 80 सेंटिमीटर लांब, 35 रुंद, 18 उंच. म्हणजे 50 लिटरची टाकी. पेट्रोल पाण्याहून हलकं, लिटरला सुमारे पाऊण किलो. टाकी भरली तर आत 37 किलो. पत्र्याचं वजन 12 किलो धरू. एकूण 49. आणि टाकी पाणी बाजूला सारणार 50 किलो. "म्हणजे तुमची टाकी एक किलोने तरंगते!" मास्तरांनी बोट वर केलं. माझं वजन त्या हिशेबात कुठेच आलेलं नव्हतं, पण इतक्या आनंदात असलेल्या माणसाला ते विचारवेना.

यानंतर टाकी कशाची करायची यावर जी सभा भरली ती पंचायतीच्या ग्रामसभेपेक्षा मोठी होती, आणि हजेरीची सही कोणी मागत नव्हतं. एक मत पत्र्याची, एक प्लास्टिकची. तांडेलाचं म्हणणं एवढंच की काही करा, पण नळीची जोडणी पितळेची करा; पितळ गंजत नाही. यावर मास्तर ताडकन उठले. पितळ गंजत नाही, पण आपल्या शेजाऱ्याला खातं. 1800 साली व्होल्टाने काय केलं? दोन वेगळ्या धातूंच्या चकत्या एकावर एक रचल्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला कपडा ठेवला, झाली बॅटरी. "अॅल्युमिनियमची होडी, त्यावर पितळ, आणि पाणी कसलं? ही शापोरा नदी. भरतीला समुद्र इथवर येतो. शेजारी आगरवाड्यात याच पाण्याचं मीठ पिकवतात. तुम्ही होडी नाही, सेल बनवताय! आणि झिजणार कोण? पितळ नाही. बिचारं अॅल्युमिनियम."

"मग त्यावर एखादा दिवा तरी पेटेल का?" तांडेलाने विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

अॅल्युमिनियमच्या होडीला अॅल्युमिनियमचीच टाकी, असं ठरलं. वेल्डर गाठला. त्याचं काम फाटकं आणि खिडक्यांचे गज; पण "जमेल का?" या प्रश्नाला "नाही" हे उत्तर असतं हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. लोखंड वितळण्याआधी लाल होतं, माणसाला सावध करतं. अॅल्युमिनियमचं तसं नाही. 660 अंशांपर्यंत ते अगदी सभ्य चेहऱ्याने बसून राहतं आणि मग एकदम ठिपका होऊन खाली पडतं. वेल्डर काचेआडून ते लाल व्हायची वाट बघत राहिला. पहिल्या पत्र्याला जिथे जोड यायचा होता तिथे हात जाईल एवढी खिडकी झाली. तिला गज मात्र त्याने सुरेख बसवले असते.

शेवटी म्हापशाच्या बाजूला हॉटेलांच्या स्वयंपाकघरांचे ओटे करणाऱ्या कारागिराकडून स्टेनलेस स्टीलची टाकी करून घेतली. म्हणजे पुन्हा वेगळा धातू आलाच. मास्तरांचा चेहरा पडला. तेव्हा दोघांमध्ये स्कूटरच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या घालून स्टील आणि अॅल्युमिनियम यांना एकमेकांना शिवू द्यायचं नाही, अशी तडजोड झाली. एका घरात राहणाऱ्या काही जावा अशाच नांदतात.

कारागीर हुशार होता, पण एका गोष्टीवर अडला. मी सांगितलं, पेट्रोल भरायचं तोंड हवं, मशीनकडे जाणारी नळी हवी, आणि वरच्या बाजूला हवेसाठी एक बारीक भोक हवं.

"भोक?"

"पेट्रोल बाहेर गेलं की तेवढी हवा आत यायला नको?"

"पात्रांव, मी इतकी वर्षं भोकं बुजवायचे पैसे घेतो."

त्याने ते केलं, बारीकशी नळी वर काढून दिली, पण बिलात त्याचा उल्लेख केला नाही. त्याला ते आपल्या कामात धरायचं नसावं.

टाकी काठावर आली तेव्हा आम्ही ती गळते का ते पाहिलं. भाच्याने नळीला सायकलचा पंप लावला आणि सगळ्या जोडांवरून साबणाचं पाणी फिरवलं. वाकून अगदी जवळून पाहिलं तर बघण्यासारखं होतं. जोडाच्या रेघेवर फेस नुसता बसून होता, आणि एका कोपऱ्यात मोहरीएवढा बुडबुडा आला, ज्वारीएवढा झाला, फुटला, आणि त्याच जागी पुन्हा मोहरीएवढा आला. सूक्ष्म गळती! गावातली पोरं तेवढ्यात आणखी साबण घेऊन आली. टाकी पुन्हा म्हापशाला गेली, पुन्हा आली, पुन्हा फेस. यावेळी बुडबुडा आला नाही म्हणून मी खूश आणि पोरं नाराज.

आता ती खणात घालायची. खण 80 सेंटिमीटरचा, टाकी 79 ची. पण खणाच्या तोंडाला आत दुमडलेला काठ होता, आणि तो मोजायचा राहिला होता. टाकी आत मावत होती. आत जात मात्र नव्हती.

"तिरपी करा," स्कूटरवाला म्हणाला.

तिरपी केली.

"आता उलटी तिरपी करा."

कपाटं जिन्यावरून चढवताना घडलेला हा आपला राष्ट्रीय उपाय आहे. आम्ही टाकी सर्व दिशांनी तिरपी केली. एका क्षणी ती अशी अडकली की ना आत ना बाहेर, आणि तिच्याखाली मास्तरांचा पंचा. पंचा ओढताना टाकी सुटली. शेवटी बाकाच्या रिव्हेटा ड्रिलने काढल्या, बाक उचलला, टाकी वरून सोडली आणि बाक पुन्हा नव्या रिव्हेटांनी ठोकला. आता ती टाकी बाहेर काढायची तर होडी मोडावी लागेल. "म्हणजे मजबूत बसली," तांडेल म्हणाला.

भरायचं तोंड बाजूच्या काठावर आलं, तिथून जाडजूड नळी खाली टाकीत. त्या नळीने वल्ह्यांची जागा घेतली. वल्ही घरी ठेवली. मशीन असताना वल्ही कशाला?

पेट्रोल आणायला मी 50 लिटरचं निळं पिंप घेऊन पंपावर गेलो. टाकी मोठी झाली म्हणजे भांडंही मोठं हवं.

"पिंपात देत नाही," पंपावरचा पोरगा म्हणाला.

"अरे, होडीत भरायचंय."

"मग होडी घेऊन या."

त्याचं बरोबर होतं. मास्तरांनीही नंतर 1934 चा पेट्रोलियम कायदा काढून सुनावलं, की विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल विनापरवाना बाळगायची मर्यादा 30 लिटर. मी घरी परत आलो आणि माळ्यावर टाकलेला लाल कॅन खाली काढला. तो बघून पोरग्याने काही न विचारता पेट्रोल दिलं; मशीनचा कॅन त्याच्या ओळखीचा होता. तिथे उभा असताना माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडत गेला. पूर्वी मी कॅन पंपावर न्यायचो, कॅन होडीत ठेवायचो, नळी जोडायचो, संपलं. आता कॅन पंपावर न्यायचा, कॅन होडीपर्यंत आणायचा, मग हलत्या होडीत 25 लिटरचं ओझं छातीशी धरून नरसाळ्याने ते टाकीत ओतायचं, आणि पुन्हा कॅन घेऊन पंपावर. कॅन पायातून जावा म्हणून मी एवढं केलं होतं आणि तो माझ्या छातीवर आला होता.

त्यात टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं, पन्नास भाग पेट्रोलला एक भाग तेल. कॅनमध्ये अर्धा लिटर तेल टाकलं की काम व्हायचं; घरी येईतो आमचे रस्ते ते उत्तम ढवळून द्यायचे. रिव्हेट मारलेली टाकी कोण हलवणार? तेव्हा मिश्रणही कॅनमध्येच. टाकीच्या प्रत्येक कामाला कॅन लागत होता.

मास्तरांनी आणखी एक चिंता काढली. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, त्याला पाण्याची भारी ओढ. अर्धी रिकामी टाकी दमट हवेत पडून राहिली की ते हवेतलं पाणी पितं, फार प्यालं की पेट्रोलपासून फारकत घेऊन तळाशी जाऊन बसतं.

"पिऊन तळाला बसतं?" तांडेल म्हणाला. "मग त्यात आणि आमच्यात फरक काय? मे महिन्यात उर्राक घाल, स्वस्त पडेल."

हे म्हणताना त्याच्या तोंडात पेटलेली बिडी होती आणि मान खणात होती. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते, ती वर उडून न जाता तळाशी साठते, हे मास्तरांनी नुकतंच सांगितलं होतं. मी ओरडलो. मास्तर ओरडले. स्कूटरवाला इतका मागे सरकला की नदीत गेला. तांडेलाने शांतपणे बिडी काढली, होडीच्या काठावर विझवली आणि उरलेली कानामागे ठेवली. "साठ वर्षं होडीत बिडी ओढतोय," तो म्हणाला. त्या साठ वर्षांतली बहुतेक त्याने वल्ही मारून काढली होती, हे त्याला समजावण्यात संध्याकाळ गेली.

पहिल्या फेरीचा दिवस ठरला. सुकती लागलेली, म्हणजे पाणी समुद्राकडे चाललेलं. नारळ फोडला. भाचा किनाऱ्यावरून चित्रण करणार होता. फुगा चार वेळा दाबला, दोरी ओढली, मशीन सुरू झालं. आणि काय सांगू, नाळ खाली! समोर शिवोलीचा काठ, माडांची रांग, सगळं दिसत होतं. पाय मोकळे. मी पाय पसरलेही. त्या चार-पाच मिनिटांपुरता तो अमेरिकन आणि मी बरोबरीचे होतो.

नदीच्या मध्यावर मशीनचा आवाज बदलला. खोकलं, थांबलं. मी फुगा दाबला. तो दाबला आणि दाबलेलाच राहिला. चपटा. सोडला तरी फुगेना. सुकून सुरकुतलेल्या त्या फुग्याकडे मी बघत होतो तेव्हा होडी पुलाखालून निघाली होती.

पुलावर माणसं जमायला काही मिनिटंही लागली नाहीत.

"वल्हं मार!" एकजण वरून ओरडला.

"घरी आहे!"

"मग नांगर टाक!"

तोही घरी होता. वल्ह्यांना सोबत म्हणून. भाड्याची गाडी थांबवून उतरलेल्या एका कुटुंबाने वाकून विचारलं, "दादा, एका राऊंडचे किती?" मी म्हटलं, सध्या एकच बाजू आहे. त्यांना ते महाग वाटलं असावं.

नदी पुढे रुंद होत जाते आणि उजव्या हाताला मोरजीची वाळू, डाव्या हाताला शापोऱ्याचा किल्ला. 1717 च्या सुमाराला पोर्तुगीजांनी तो नव्याने उभा केला तेव्हा ही नदी त्यांची सरहद्द होती, आणि पेडण्याच्या बाजूने येणाऱ्या शत्रूवर नजर ठेवणं हे त्याचं काम. त्यानंतर काही दशकांनी पेडणंही त्यांच्याकडे गेलं आणि किल्ल्याला काम उरलं नाही. 2001 साली 'दिल चाहता है' आला, तेव्हापासून लोक तिथे समुद्राकडे तोंड करून बसायला जातात. त्या संध्याकाळी तटावर गर्दी होती. पेडण्याच्या बाजूने शत्रू येतोय का हे बघायला पोर्तुगीजांना त्यांच्या अख्ख्या काळात एवढी माणसं मिळाली नसतील. आणि आलो मी, वल्ह्याशिवाय, पन्नास लिटर पेट्रोल घेऊन, आडवा.

मोरजीच्या वाळूला लागावं असा माझा प्रयत्न होता. हाताने पाणी मागे सारत होतो. तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, आणि त्यांच्या घरट्यांभोवती वनखात्याची माणसं दोरी लावतात. मी वाळूवर पालथा पोचलो असतो तर माझ्याभोवतीही लावली असती, आणि खरं म्हणजे एकंदर सल्लागारांपासून ते संरक्षण मला आवडलं असतं.

नदीच्या मुखाशी जाळी टाकून परतणारी फायबरची एक होडी दिसली. दोन तरुण पोरं. तिच्यात मागे, पायाजवळ, एक लाल कॅन.

"पेट्रोल सोंपलें?" एकाने विचारलं.

"ना. पन्नास लिटर आसा."

"मागीर?"

"टाकीत आसा."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा टाकीच्या तोंडाकडे, मग काही न बोलता आपल्या कॅनची नळी काढून माझ्या मशीनला लावली. फुगा टपोरा झाला. एका दोरीत मशीन चालू. मला त्यांनी कॅनसकट चोपड्याला सोडलं, वाटेत होडी दोनदा वाजवून पाहिली, आणि एक चांगलं काळुंद्रं सोडून बाकी मासळी दाखवायलासुद्धा थांबले नाहीत.

काठावर पोचल्यावर टाकीचं झाकण फिरवलं. आधी लांब फुस्स असा आवाज आला, जणू कोणीतरी बराच वेळ श्वास धरून बसलं होतं. मग आत कुठेतरी टण् झालं. पत्रा आत ओढला गेला होता, तो बराचसा परत आला, सगळा नाही.

मी हवेच्या भोकाकडे पाहिलं. त्यात एम-सील भरलेलं होतं. नीट, बोटाने गुळगुळीत केलेलं.

"ते मी बुजवलं," तांडेल म्हणाला. "काल रात्री आठवण झाली. होडीत भोक ठेवून माणूस नदीत जाणार, झोप येईना."

यावर काय बोलणार? साठ वर्षं त्याने दुसरं केलं काय होतं? भाच्याने चित्रण दाखवलं. त्यात मी दूर जाताना दिसतो आणि आवाज सगळा पुलावरच्या सल्ल्यांचा आहे. मास्तर तोपर्यंत जमिनीवर काडीने हिशेब करत होते. टाकी आत चेपल्यामुळे लहान झाली. पत्र्याचं वजन तेवढंच. "पूर्वी एक किलोने तरंगत होती," ते म्हणाले, "आता त्याहून कमी." चेहऱ्यावर काळजी दिसत होती, पण हिशेब सुटल्याचं समाधान त्याहून जास्त.

एम-सील ड्रिलने काढलं. भोक मोकळं झालं, आणि त्यावर पाऊस जाऊ नये म्हणून खाली वाकवलेली नळी लावली. शेजारी मी रंगाने लिहिलं, 'बुजवू नये'. आता मशीन बरं चालतं. नाळ खाली असते. पन्नास लिटर एकदम भरण्याची ताकद माझ्या छातीत नाही, म्हणून दहा लिटर भरतो. पूर्ण वेगात तासाला चारेक लिटर जातं. बायकोच्या हिशेबाने भरलेल्या टाकीत वेंगुर्ल्याला जाऊन, परत येऊन, विसरलेली वस्तू आणायला पुन्हा वेंगुर्ल्याला जाता येईल. मी शिवोलीच्या काठापर्यंत जातो.

पावसाळ्याच्या तोंडावर मोरजीचे ते पूर्वीचे मालक आले. अंगणात उलटी घातलेली होडी त्यांनी जिव्हाळ्याने वाजवून पाहिली. त्यांनी आता नवी फायबरची घेतली होती, गाद्या लावलेली, पर्यटकांसाठी. चहा झाला, पावसाचं झालं, मोप्याच्या विमानतळामुळे जमिनींचे भाव कुठे गेले तेही झालं. मग खुर्चीत जरा पुढे सरकून ते म्हणाले, "तो मशीनबरोबरचा लाल कॅन अजून आहे का हो तुमच्याकडे?"

"आहे. का?"

"नव्या होडीला टाकी आतच आहे. मोठी, साठ लिटरची. पण भरायची कशी? पंपावर पिंपात देत नाहीत." त्यांनी खिशात हात घातला. "काय म्हणाल ते देतो."

मी विचार करतोय तोच आतून बायको बाहेर आली.

"कॅन विकायचा नाही," ती म्हणाली. "टाकी पाहिजे तर घेऊन जा. काढायला होडी मोडावी लागेल, ती तुमच्या अंगणात मोडा."